शेजारचा ब्रेक

माझा धाकटा भाऊ तोंडापेक्षा पायांनी जास्त बोलतो. तोंडातून दिवसभरात निघणार ते "आरसा", "क्लच" आणि "सावकाश". बाकी सगळं पायांनी. जेवताना कुणी पेला टेबलाच्या अगदी कडेला ठेवला की याचा उजवा पाय खाली फरशी दाबतो. जिन्यावरून एखादं मूल धावत उतरलं की दाबला पाय. सिनेमात गाडी कड्याच्या टोकाशी गेली की पुढच्या रांगेतला माणूस वैतागून मागे वळून बघतो, कारण याचा पाय त्याच्या खुर्चीत रुतलेला असतो.

तो गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटखाली, त्याच्या स्वतःच्या पायाशी. इतकी वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून बसून त्याच्या पायाला ही खोड लागली आहे. आमच्या भागात सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी मोठी बहीण असले तरी मीही मास्तरच म्हणते, फक्त जरा वेगळ्या सुरात.

मास्तरच्या शिकवण्यात दोन गोष्टी त्याच्या स्वतःच्या आहेत. पहिली म्हणजे बोलत चालवायचं. जे दिसेल ते शिकणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. "समोर सायकल, डुलतेय, मी हळू करते." "डावीकडे उभ्या गाडीचं दार उघडतंय, कुणीतरी उतरणार." सुरुवातीला लोक लाजतात, मग पोपटासारखे बोलायला लागतात. तो म्हणतो, "हात काय करतात ते मला दिसतं. डोक्यात काय चाललंय ते ऐकावं लागतं."

दुसरी गोष्ट म्हणजे मांडी. बाजाराचा चौक आमच्याकडे भल्याभल्यांना घाम फोडतो. चारही बाजूंनी टेम्पो, हातगाड्या, शाळेच्या बस, आणि बरोबर मध्यभागी एक कुत्रा, जो जन्मापासून तिथेच झोपलेला असावा. शिकणारा तयार झाला असं मास्तरला वाटलं की त्या चौकात शिरायच्या आधी तो काही न बोलता चपला काढतो, दोन्ही पाय वर घेतो आणि सीटवर मांडी घालून बसतो. म्हणजे आता गाडीत एकच ब्रेक उरला, आणि तो तुमचा. सत्तरीची एक आजी मैत्रिणींकडे जायला कुणाचे पाय धरायला नकोत म्हणून शिकायला आली होती. मास्तरने मांडी घातली त्या दिवशी तिने चौक पार केला, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगला मिठी मारून रडली. मी मास्तरला एकदा विचारलं होतं, "अरे, चौक पार झाल्यावर घाल ना मांडी. आधी कशाला जीव धोक्यात घालतोस?" तर म्हणाला, "पार झाल्यावर काय, कुणीही विश्वास ठेवेल."

मलाही त्याने शिकवायला घेतलं होतं. माझ्या वेळी मांडी घातली नाही. असो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी मास्तरच्या घराखालच्या मजल्यावर राहते, आणि दिवसातून एकदोनदा "सहज" वर जाते. माझी भावजय हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत काम करते. मोडलेले हात, निखळलेले खांदे, दुभंगलेल्या नडग्या, सगळं तिच्या हाताखालून जातं. मोठमोठे धटिंगण तिच्यासमोर "आई गं" करतात आणि ती त्यांना "झालं हं, झालं" म्हणत हाड जागेवर आणते. नणंदेने भावजयीचं कौतुक करू नये असा काही नियम असेल, तर तो मी पाळत नाही.

आणि त्यांची एकुलती एक लेक, भिंगरी. तेरावं संपत आलंय. दोन मिनिटं एका जागी बसत नाही म्हणून हे नाव पडलं. नाकावर माशी बसू देत नाही. रागावली की आधी कान लाल होतात, मग एक मोठा श्वास, आणि मग समोरच्याचं काही खरं नाही. आत्यावर गेलीय म्हणतात. मी नाकारत नाही.

तर ही भिंगरी एक दिवस जेवताना म्हणाली, "मला तो चौघांचा खेळ खेळायचाय."

तो खेळ असा. चार जणांची टोळी एका ओसाड शहरात उतरते. बंदुका शोधायच्या, इमारतींत लपायचं, दुसऱ्या टोळ्या टिपायच्या. शेवटी जी टोळी उभी राहील ती जिंकली. तिच्या वर्गातली मुलं आपापल्या घरी बसून, एकमेकांशी बोलत, हा खेळ खेळत होती.

"सगळे खेळतात," भिंगरी म्हणाली.

"सगळे विहिरीत उडी मारतील, तर तूही मारशील?" हे वाक्य मी म्हणाले, कारण अशा वेळी ते कुणीतरी म्हणावंच लागतं.

भावजयीने हातातला घास खाली ठेवला. "मी दिवसभर मोडलेली माणसं बघते. घरी आल्यावर माझ्या मुलीने गंमत म्हणून माणसं मोडायची? नाही."

मला वाटलं, आता भिंगरी ताट सरकवून उठणार. ती उठली नाही. कान तेवढे लाल झाले. "आई, मला मैत्रिणीकडे जाऊन लपून खेळता आलं असतं. निम्मी मुलं तसंच करतात. मी विचारतेय."

भावजयीने खाली ठेवलेला घास पुन्हा उचलला. टेबलाखाली मास्तरचा पाय मात्र फरशीवर दाबलेला होता. मी वाकून बघितलं.

पुढच्या रविवारी वर्गातल्या मुलांचे आईबाप आमच्या इमारतीखाली जमले. अर्धे छाती ठोकून सांगत होते, "आमच्याकडे बिलकुल चालत नाही हे." त्यांचीच मुलं उरलेल्या अर्ध्यांच्या घरी पडीक असायची. ते उरलेले म्हणत, "खेळू दे हो, निदान घर शांत राहतं." मास्तर नुसता ऐकत उभा होता. वर आल्यावर म्हणाला, "एक किल्ली लपवणारे आणि दुसरे किल्ली फेकणारे. दोघांचीही पोरं पुढे माझ्याकडे शिकायला येतात, आणि दोघांनाही ब्रेक कुठे आहे ते माहीत नसतं."

"म्हणजे तुम्ही हो म्हणताय," भावजय म्हणाली.

"मी हो म्हणत नाहीये. शेजारी बसतो म्हणतोय."

"तुम्ही शेजारी बसून मोकळे. तिची जीभ बिघडली, डोकं फिरलं, की निस्तरायचं मी. माझ्या खोलीत एक मुलगा आला होता, खेळात हरला म्हणून भिंतीवर बुक्की मारून हात मोडून घेतला त्याने. तो हात मी बांधलाय."

हे असं बरेच दिवस चाललं. चहा व्हायचा, मी सहज वर जायचे, आणि तोच विषय. कुणी आवाज चढवला नाही, कुणी मागेही हटलं नाही. मला विचाराल तर मी तो खेळ खिडकीतून खाली टाकला असता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता दिलेलं मत त्या घरात चहाबरोबर संपतं.

शेवटी ठरलं ते असं. भिंगरीच्या मामाकडे खेळाचं खोकं धूळ खात पडलं होतं, ते आणायचं. ते बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडायचं, दार लावून खेळायचं नाही. कानाला काही लावायचं नाही, पलीकडची मुलं काय बोलतात ते सगळ्या घराला ऐकू आलं पाहिजे. मास्तर शेजारी बसणार. आणि खोक्याची वायर ज्या एक्स्टेन्शन बोर्डात जाते, तो लाल बटणाचा बोर्ड सोफ्यासमोर जमिनीवर, मास्तरच्या उजव्या पायाखाली राहणार. अंगठा दाबला की खेळ बंद. पठ्ठ्याने घरातही शेजारचा ब्रेक बसवून घेतला!

भावजयीने आपली अट घातली. "शाळेला सुट्टी लागेपर्यंत बघू. तोपर्यंत खेळताना तोंडातून एक जरी शिवी निघाली, किंवा चिडून हात उगारला, तर त्याच दिवशी खोकं मामाकडे. कायमचं. मग रडायचं नाही."

"आणि नाही निघाली तर?"

"तर ठेवायचं."

भिंगरीने हात पुढे केला आणि आईने टाळी दिली. मी मनात म्हटलं, खोकं चार दिवसांत परत जाणार. माझी भाची आहे, मला माहीत नाही का?

पहिले काही दिवस बघण्यासारखे होते. टीव्हीवर कुठेतरी ढिश्क्यांव झालं की मास्तरचा अंगठा बटणावर. अंधार. दार करकरलं तरी अंधार. एकदा तर पडद्यावर नुसतं कबूतर उडालं आणि याने खेळ बंद केला. भिंगरी कान लाल करून बसायची, पण अट आठवून ओठ गच्च मिटायची. पलीकडची मुलं बोलता बोलता ती गायब व्हायची, म्हणून त्यांनी तिचं नाव "फ्यूज" ठेवलं.

शेवटी भावजयच मध्ये पडली. तिचा तर या खेळालाच विरोध होता, पण अन्याय तिला बघवत नाही. "अहो, त्या सत्तरीच्या आजींना शिकवताना प्रत्येक कुत्र्याला ब्रेक दाबत होता का? मग त्या शिकल्या कशा?"

मास्तर ओशाळला. त्याला पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याच धंद्यात पकडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून अंगठा बटणावर न ठेवता बटणाच्या वर तरंगता ठेवला, आणि भिंगरीला म्हणाला, "बोलत खेळ."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला लहानपणापासून माहितीये."

मग त्या घरात एक अजब कार्यक्रम सुरू झाला. भिंगरी खेळत असायची आणि बोलत असायची. "जिन्यात कुणीतरी आहे. पाय वाजतोय. घाबरलेला दिसतोय, उगाच गोळ्या झाडतोय. मी थांबते." "माझा गडी पडलाय, आधी त्याला उठवते." स्वयंपाकघरात भावजय काम करत ऐकायची. आधी ती भांडी जरा आपटून ठेवायची. हळूहळू भांड्यांचा आवाज कमी झाला.

"हा मेला," एकदा भिंगरी म्हणाली.

"मेला की बाद झाला?" आतून आवाज आला.

"बाद झाला. आता पुढच्या डावात येईल परत."

"माझ्याकडे येतात ते इतक्या लवकर परत येत नाहीत," भावजय म्हणाली. चिडून नव्हे, आपली माहिती म्हणून. त्यानंतर भिंगरी "बाद" म्हणायला लागली. कुणी तसा नियम केला नव्हता.

मध्येच एका मैत्रिणीने दुसरा एक खेळ दिला. त्यात गाडी फुटपाथवर घालून माणसं उडवली की गुण मिळायचे. पहिलाच माणूस उडाला आणि मास्तरने बटण असं दाबलं की बोर्ड तडकायचा राहिला. चेहरा पांढराफटक.

"बाबा, खोटं आहे ते."

"असू दे. माझ्या शेजारी बसून फुटपाथवर गाडी घालायची नाही."

"मग गोळ्या घातलेल्या चालतात आणि हे नाही, असं कसं?"

प्रश्न चोख होता. मास्तरने डोकं खाजवलं. "तिकडे समोरच्याच्या हातातही बंदूक असते, आणि तोही खेळायलाच आलेला असतो. ही माणसं नुसती चालली होती." भिंगरी रुसून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने तो खेळ परत देऊन टाकला. मला हळूच म्हणाली, "आत्या, फुटपाथवरच्या एका बाईची पिशवी बाबांकडे शिकलेल्या त्या आजींच्या पिशवीसारखी होती."

सुट्टीच्या आधीचा रविवार. दुपार कलली होती. मी सोफ्याच्या एका टोकाला वाटाणे सोलत बसले होते, मध्ये मास्तर, आणि खाली सतरंजीवर भिंगरी. भावजय आत. भिंगरीच्या टोळीचा म्होरक्या वर्गातलाच एक मुलगा होता, स्वतःला सेनापती म्हणवून घ्यायचा. चौथ्या जागी त्या दिवशी खालच्या वर्गातली एक नवीन मुलगी आली होती, पहिल्यांदाच. टोळी एका पडक्या इमारतीत वरच्या मजल्यावर लपली होती. बाहेर आता एकच टोळी उरली होती. अगदी जिंकायच्या बेतात होते.

तेवढ्यात त्या नव्या मुलीने घाबरून गोळी झाडली. कुणाला लागली नाही, पण लपलेली जागा कळली. भिंगरीच्या टोळीचा एक गडी तिथेच बाद झाला.

आणि मग त्या टीव्हीतून जे काही बाहेर पडलं! सेनापतीने त्या पोरीला अशा अशा शिव्या घातल्या की माझ्या हातातली शेंग गळून पडली. मागोमाग मुसमुसणं ऐकू यायला लागलं. लहान मुलीचं, दाबून धरलेलं रडणं.

"ए फ्यूज," सेनापती ओरडला, "ती तुझ्याजवळ आहे ना? उडव तिला! नाहीतर ही आपल्याला बुडवणार. उडव!" या खेळात आपल्याच गड्याला गोळी लागू शकते.

मी भिंगरीकडे पाहिलं. दोन्ही कान लालबुंद. आणि मग तो श्वास. तो श्वास मी ओळखते, आमच्या घराण्याचा आहे. त्यानंतर काय येतं तेही ओळखते. मला स्वतःला दोन शिव्या जिभेवर आल्या होत्या, आणि त्या सौम्य नव्हत्या. एक शब्द, आणि खोकं मामाकडे. सुट्टी दोन दिवसांवर.

भावजय ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनेही तो श्वास ऐकला होता. "दाबा," ती म्हणाली. खेळ बंद पडला तर शब्द तोंडातच राहील, लेक वाचेल. इतके दिवस जी नको म्हणत होती, तीच आता लेकीला वाचवायला धडपडत होती. "अहो, दाबा ना!"

मास्तरचा अंगठा बटणाच्या वर होता. मी डोळ्यांनी बघितलं. त्याने अंगठा उचलला. घरात घालायच्या चपला काढल्या. उजवा पाय वर घेतला, मग डावा, आणि सोफ्यावर मांडी घालून बसला. खाली ते लाल बटण एकटंच राहिलं.

भिंगरीची नजर पडद्यावर होती. तिला यातलं काही दिसलं नाही. तिने तो श्वास सोडला, आणि बोलायला लागली, "समोर एक चिडलाय. मागे एक घाबरलीय. मी... मी हळू करते."

"काय बडबडतेस? उडव!"

"नाही उडवणार. ती माझ्या मागे उभी आहे. आणि हे बघ, असलं बोलायचं असेल तर आमच्या घरात बोलू नकोस. इथे माझी आत्या बसलीय."

सेनापतीच्या शिव्या तिथेच तुटल्या. आयुष्यात माझ्या असण्याचा इतका मान कुणी ठेवला नव्हता.

"आणि तू गं," भिंगरीचा आवाज मऊ झाला, "रडू नको. समोर काय दिसतंय ते मोठ्याने बोल. बोल ना, काय दिसतंय?"

नाक ओढल्याचा आवाज. मग बारीकसं, "जिना."

"जिन्यात कुणी आहे?"

"नाही."

"मग उतर. सावकाश. मी आहे मागे."

त्या दोघी तो पडका जिना उतरल्या. एक मोठ्याने सांगत, दुसरी ऐकत. जिंकल्या का? छे! दारातून बाहेर पडल्या आणि दोघीही बाद. सेनापती केव्हाच निघून गेला होता. पडदा करडा झाला, आणि त्यातून ती बारीक आवाजातली मुलगी म्हणाली, "उद्या पण शिकवशील?"

"शिकवीन," भिंगरी म्हणाली.

खेळ संपला की ती आधी खाली, बापाच्या पायाकडे बघायची. सवयच लागली होती तिला. आताही बघितलं. बटण होतं, पाय नव्हता. तिने मान वर केली, आणि सोफ्यावरची मांडी बघून तिचे डोळे मोठे झाले. त्या मांडीचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अर्धा मोहल्ला त्या मांडीसाठी रडलेला तिने लहानपणापासून पाहिला होता.

"बाबा! कधी घेतलेस पाय वर?"

"चौकाच्या आधी," मास्तर म्हणाला.

भिंगरीने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मास्तरने डोळे पुसायचं सोडून चष्मा पुसला. त्या क्षणी मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की ऊर भरून आला. तोंडावर मी त्याला हे कधी सांगितलेलं नाही, म्हणून इथे सांगते. मग खाली बघितलं, तर वाटाणे सगळ्या फरशीभर झाले होते आणि माझाच उजवा पाय जमिनीवर गच्च दाबलेला होता. सोडवता सोडवेना.

भावजय दारातून पुढे आली. पदराला हात पुसले, वाकली, तो लाल बटणाचा बोर्ड उचलला आणि टीव्हीच्या मागे, भिंतीला लागून, कुणाचाही पाय पोचणार नाही असा सरकवून ठेवला.

"उगाच पायात येतो," ती म्हणाली.